स्टोव्ह कुणाच्या बॅगेत

सत्तरच्या दशकात मी आष्ट्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. जपानमधल्या शाळा बघायला जाणाऱ्या शिक्षकांच्या गटात माझी निवड झाली. गटात बाई मी एकटीच. तिथं प्रत्येकानं आपला एक प्रयोग करून दाखवायचा होता. माझा होता तुपाच्या डब्याचा कॅमेरा, माझ्या वर्गातल्या पोरांनी भोक पाडून, आतून काजळी फासून केलेला. बॅग भरताना तो डबा मी सगळ्यात आधी ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून गटप्रमुखांचा माणूस एक पोतं घेऊन आला. आत रिकामा स्टोव्ह, पातेली, मेतकूट, भाजणी, कांदा-लसणाची चटणी. निरोप असा, की तिकडचं जेवण गटातल्या गुरुजींच्या घशाखाली उतरायचं नाही, तेव्हा स्वयंपाकाचं सामान बाईंनी आणावं. विमानात प्रत्येकी वीसच किलो चालत होते. म्हणजे माझा डबा बाहेर.

माझं डोकंच फिरलं. निवडीच्या वेळी मला प्रयोग विचारले होते, पिठल्याची कृती नव्हे. आई म्हणाली, "घे बाई, पुरुषमाणसांची आबाळ हुईल." माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांनी पोतं पायानं जरा सरकवून पाहिलं.

"पलटणीत ज्यो त्यो आपलं रेशन आपल्या पाठीवर न्हेतो. ह्यांचं काय येगळं हाय?"

मग आम्ही तिघांनी बसून माणशी एकेक पुडी बांधली.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात सगळे जमले. मी पुड्या वाटल्या, स्टोव्ह आणि पातेली प्रमुखांपुढे ठेवली. बाकीच्यांनी खाली बघत घेतल्या, प्रमुख मात्र तडकले. "बाई, आमच्या बॅगांत जागा कुठाय?"

"उघडा, मी करून देते."

उघडेनात, तेव्हा मीच त्यांची बॅग उघडली. दोन शर्ट, एक टॉवेल, बाकी बॅग मोकळी. शेजारचे गुरुजी हसत म्हणाले, "अहो, येताना टेपरेकॉर्डर आणायचाय त्यांना. आमच्याही तशाच आहेत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. येतानाच्या चैनीसाठी ह्यांच्या बॅगा मोकळ्या, आणि ह्यांच्या पोटासाठी माझ्या पोरांचा डबा घरी ठेवायचा. मी स्टोव्ह उचलून त्या मोकळ्या जागेत ठेवला. छान बसला. वर पातेली ठेवली.

स्टोव्हची पिन तेवढी प्रमुखांच्या हातात दिली. म्हटलं, "ही जपून ठेवा, सर. भोक तुंबलं तर तुम्हालाच लागेल."