मागच्या सीटवरचा ब्रेक

टाचणीबाईने नवऱ्याची पाठ जितकी पाहिली, तितकी क्वचितच कुठल्या बायकोने पाहिली असेल. ती एका रुग्णालयाच्या शिवणखात्याची प्रमुख होती. फाटलेल्या चादरी, डॉक्टरांचे झगे, उशांचे अभ्रे तिच्या हाताखालून जात. कॉलरला सदैव दोन-चार टाचण्या खोचलेल्या असायच्या, म्हणून हे नाव पडलं आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं. नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर. सुट्टी आली की दोघं दोन सीटांच्या सायकलवर बाहेर पडत. तो पुढे, ती मागे.

हँडल, गिअर, दोन ब्रेक, सगळा कारभार पुढच्या माणसाकडे. मागच्याकडे नुसती पायडलं आणि एक जादा ब्रेक. लांबलचक उतारावर सगळा भार पुढच्याच ब्रेकांवर पडला तर ते तापतात आणि ऐन वेळी दगा देतात, म्हणून हा तिसरा. तो मागच्याने धरायचा, पण केव्हा ते पुढच्याने सांगायचं. तो "धर" म्हणाला की ती दांडी ओढायची, "सोड" म्हणाला की सोडायची. शिवणखात्यात अकरा बायका तिच्या नुसत्या भुवईवर चालत. सायकलवर ती चकार शब्द काढत नसे. त्यात भीतीचा भाग नव्हता. आठवडाभर हुकूम सोडून कंटाळलेल्या बाईला कुणाच्या तरी पाठीमागे गप्प बसायला मिळणं, हीच खरी सुट्टी होती.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना ड्रायव्हरचे डोळे बिघडले. नजर रोखावी तिथे नेमका डाग, कडेचं मात्र सगळं शाबूत. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. आधी बस सुटली, मग सायकल. ती परसातल्या खोलीत भिंतीला टांगली गेली आणि ड्रायव्हर खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागला. कुणी फिरायला चल म्हटलं की गुडघ्याचं कारण सांगायचा. गुडघे ठणठणीत होते.

एक दिवस शेजारचा सुतार आला तेव्हा त्याने सांगून टाकलं, "ती सायकल घेऊन जा. तुझ्या मुलाला होईल."

सुतार गेल्यावर टाचणीबाई म्हणाली, "मी पुढे बसते."

"तू?"

"मग काय, सुताराची बायको बसणार आहे?"

"ड्रायव्हरला पॅसेंजर करायला निघालीस."

"डोंगरातली ती वाट आपली राहिलीच आहे. एकदा करून येऊ. जमलं तर सायकल घरात राहील. नाही जमलं तर मीच सुताराच्या दारात नेऊन उभी करते, मग मी हा विषय काढणार नाही."

त्याने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. लग्नानंतरच्या अनुभवावरून तिने तो होकार धरला.

मुलीने फोनवर उलटतपासणी घेतली. "आई, बाबांना दिसत नाही आणि तुला चालवता येत नाही. मग सायकल चालवणार कोण?"

"दोघं मिळून."

"अगं, बरोबर माणूस तरी असतो का कुणी?"

कुणी नसायचं. अशा सहली आखणारी संस्था मुक्कामाच्या जागा ठरवून द्यायची, सामान गाडीने पुढच्या मुक्कामाला पोचवायची आणि हातात नकाशा ठेवायची. बाकी तुमचं तुम्ही. बाजाराच्या मागे मोठं पटांगण होतं. तिथे हिवाळाभर रोज सकाळी दोघांनी सराव केला. निघणं, थांबणं, वळणं, सगळं बसलं. पटांगण सपाट होतं, एवढंच.

पहिला दिवस चढाचा होता. वस्ती मागे पडली, मग कुंपणं संपली, मग विजेचे खांबही. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, काळे खडक आणि वारा. दिवसभरात भेटली ती मेंढरं. चढावर ड्रायव्हरचे पाय पूर्वीसारखेच चालत होते. मध्येच तो म्हणाला, "इथे बसून नुकसान काही नाही बघ. मधोमध तुझी पाठ, माझा डागही मधोमध. कडेचं सगळं दिसतंय." तिला बरं वाटलं, पण मागे वळून पाहायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पठार ओलांडलं आणि पहिला मोठा उतार लागला. रस्ता डोंगराच्या अंगाने वळत वळत खाली जात होता. सुरुवातीला मजा आली. मग वेग वाढला. तिने दोन्ही ब्रेक दाबले, आणखी दाबले. जळक्या रबराचा वास आला. काहीतरी व्हायला हवं होतं आणि ते होत नव्हतं, एवढंच तिला कळत होतं. समोर वळण आलं, त्याच्यापलीकडे रिकामं आभाळ. तिने सायकल दरीच्या उलट बाजूला, डोंगराकडच्या झुडपांत घातली.

दोघं आडवी झाली. त्याचं कोपर सोललं, तिचं मनगट मुरगळलं. सायकलचं मागचं चाक तेवढं फिरत राहिलं.

"ब्रेक का नाही धरलात?" तिने विचारलं.

"तू म्हणालीस कुठे?"

"मी कशाला म्हणू? नेहमी तुम्ही म्हणता."

बोलून झाल्यावर तिला आपलं वाक्य ऐकू आलं. त्यालाही आलं असावं. तो कोपराला लागलेली माती झटकत राहिला.

"पुढचा म्हणतो," शेवटी तो म्हणाला. "पुढे मी असायचो, म्हणून मी म्हणायचो."

"वेग कळला नाही तुम्हाला?"

"कळला की. हात दांडीवरच होता."

"मग?"

"माझ्या बसमध्ये कुणी मागून ब्रेकला हात घातला असता तर पुढच्या थांब्यावर उतरवला असता मी त्याला."

ती झुडपातच बसून राहिली. सगळा हिवाळा तिने एकच काळजी वाहिली होती: ह्या माणसाला मागे बसणं पचेल का. मध्येच हँडलासाठी हट्ट धरेल, सूचना देऊन डोकं उठवेल, निदान रुसेल. त्याने यातलं काही केलं नव्हतं. कपाळमोक्षाची वेळ आली तरी पुढच्याच्या कामात ढवळाढवळ केली नव्हती. तो मागच्या सीटवर पुरता जाऊन बसला होता. पुढे यायचं राहिलं होतं ते तिचं. हँडल तिच्या हातात होतं, पण उतार लागताच ती मनाने त्याच्या पाठीमागे जाऊन हुकमाची वाट बघत बसली होती.

"सुताराला कळवायचं का?" त्याने विचारलं. आवाज साधा होता, म्हणून तिला जास्त लागला.

"कोपर दाखवा आधी."

कोपर पुसून, फडकं बांधून झालं. ब्रेक गार होईपर्यंत दोघं थांबली आणि पुन्हा बसली. सायकल चार हात पुढे गेली नाही तोच ती ओरडली, "धर." वेग लगेच उतरला. वळण गेल्यावर "सोड." पुढच्या वळणावर पुन्हा "धर." तिचा आवाज शिवणखात्यातला होता, चार यंत्रांच्या खडखडाटावरून पलीकडे पोचणारा.

सपाटीवर आल्यावर मागून विचारणा झाली, "एकदम एकेरीवर आलीस?"

"तुम्हाला 'अहो, जरा धरता का' म्हणत बसले असते, तर बोलणं संपेपर्यंत दरीत पोचलो असतो."

"मेंढरंसुद्धा थांबली असतील तुझ्या आवाजाने."

पुलाजवळ रस्ता फुटला. उजवीकडची वाट खिंडीतून जायची. ह्या खिंडीविषयी ड्रायव्हर कित्येक वर्षं बोलत आला होता, वरून दोन्हीकडची खोरी दिसतात म्हणून. डावीकडचा रस्ता नदीकाठाने गावात उतरायचा आणि तिथून बस मिळायची. टाचणीबाईने मनगट फिरवून पाहिलं. ते सुजलं होतं, मूठ नीट वळत नव्हती. खिंडीपलीकडे आजच्यापेक्षा मोठा उतार होता.

"कुठे जायचं?" तिने विचारलं आणि लगेच हात वर केला. "थांबा, सांगू नका."

तो थांबला. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. सांगायचं झालं असतं तर काय सांगितलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

"डावीकडे," ती म्हणाली. "ह्या हाताने खिंड झेपणार नाही."

मग त्याने जमिनीवरचा पाय उचलला.

"खिंड कुठे पळून जात नाही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात करू. बसवाले सायकल घेतात का टपावर?"

"विचारावं लागेल."

"विचार. नाहीच म्हणाले, तर ड्रायव्हरशी मी बोलतो."