गोवऱ्यांवर तापवलेली प्लेट

त्या वर्षी आमच्या घरात स्टोव्हला रॉकेल नव्हतं, पण गंजाला होतं. रेशनच्या रांगेत उभं राहून मी डबा भरून आणायचा आणि ह्यांनी तो त्या लोखंडी प्लेटीवर ओतायचा. मी आपली चुलीपुढे फुंकर मारत डोळे चोळतेय! "अहो, त्या प्लेटीला आता ताटसुद्धा वाढू का?" असं एकदा मी ओरडले, तर हे हसले. हसायला काय लागतं, फुकटच की.

हे पिंपरीच्या एका कंपनीत वेल्डर होते, टेंपररी. कायम व्हायची वेळ जवळ आली की कंपनी ब्रेक द्यायची. मग पुन्हा गेटवर उभं राहायचं, पुन्हा ओळखी काढायच्या, पुन्हा पहिल्यापासून. असे किती ब्रेक झाले ते मी मोजणं सोडून दिलं होतं. शेवटी एक दिवस डबा आपटून म्हणाले, "बास झालं. आता माझ्या दारात मी काम करणार."

दार चिखलीतलं. शेत कारखान्यांसाठी गेलेलं, राहिलं होतं घर, एक म्हैस आणि रिकामा गोठा. गोठ्यात शेड करायचं ठरलं. वेल्डिंगचं मशीन एका मित्राकडे पडून होतं, ते त्याने वापरायला दिलं. एका कंपनीचे साहेब लोखंडी फ्रेमचं काम द्यायला तयार झाले. त्यांची अट एकच. ज्याच्यावर फ्रेम जोडायची ते टेबल सपाट पाहिजे, कारण टेबल वाकडं तर फ्रेम वाकडी. म्हणाले, दसऱ्यानंतर येऊन बघतो, टेबल नीट असेल तर काम तुझं. आमचं सगळं त्या टेबलावर आलं होतं.

टेबलावर टाकायला नवी लोखंडी प्लेट घेण्याची ऐपत नव्हती. भंगारवाल्या चाचांना ह्यांनी एक फाटक करून दिलं होतं, त्याच्या बदल्यात ही जुनी प्लेट मिळाली. अर्ध्या बोटाएवढी जाड, आणि गंज इतका की हात लावला तर पापुद्रे निघत. चाचांनी प्लेटीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत सूत ताणून दाखवलं. "देखो बेटा, ऊपर से सडी है, लेकिन सीधी है." ह्यांनी वाकून पाहिलं. सुताखाली कुठेच फट नव्हती.

मग घासणं सुरू झालं. छिन्नीने पापुद्रे काढायचे, विटेच्या तुकड्याने घासायचं, वाळू, रॉकेल, तारेचा ब्रश, आणि पुन्हा वीट. तांबडी धूळ भाकरीत, अंथरुणात, म्हशीच्या पाठीवर. मी तांब्याची भांडी चिंचेने घासते तशी चिंच लावून बघितली, तर म्हणाले, "तुझी चिंच आमटीत घाल बाई." बोटं सोलून निघाली होती आणि प्लेट अजून निम्मी लाल होती. मला त्या माणसाची इतकी दया यायची की तोंडातून शिव्याच यायच्या.

हे सगळं माझे सासरे ओट्यावर बसून बघायचे. आबा. शेत गेल्यापासून त्यांना दिवसभर काही काम नव्हतं. उठायचे, बसायचे, म्हशीला उगाच दोनदा पाणी दाखवायचे. गंजाला ते तांबेरा म्हणायचे, गव्हावर पडतो तो. "आरं, तव्याला असं घासत बसत्यात व्हय? जाळावर टाक, सारं झडून जातंय," असं रोज म्हणायचे. हे मान न उचलता म्हणायचे, "बघू, आबा." खोटं कशाला बोलू, मलाही आबांचंच बरोबर वाटायचं. गंजका तवा आम्ही बायका चुलीत लाल करतो, वर पाणी मारतो, तवा स्वच्छ. लोहारसुद्धा तेच करतो.

साहेब यायच्या आदल्या दिवशी राजगुरुनगरला माझ्या भावाकडे बारसं होतं. आम्ही दोघं सकाळी गेलो आणि दिवेलागणीला परतलो. अंगणात धूर दिसला. आबांनी शेजारच्या गड्यांना बोलावून प्लेट विटांवर ठेवली होती, खाली सगळ्या गोवऱ्या पेटवल्या होत्या आणि मधोमध लाली आल्यावर बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं होतं. आबांचं तोंड धुराने काळं झालेलं, धोतर भिजलेलं, आणि तोंडभर हसू.

"बघ! येका दुपारात! तू म्हैनाभर घासत बसला व्हतास."

गंज खरंच गेला होता. प्लेट काळी, स्वच्छ.

ह्यांनी खिशातून सूत काढलं. एक टोक मला धरायला दिलं, दुसरं स्वतः धरलं. मधोमध सुताच्या खाली माझी चार बोटं गेली असती. तापवून एकदम गार केल्याने प्लेटीला परातीसारखा खळगा पडला होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी समजले की आता तोंड उघडायचं नाही. सूत गुंडाळत म्हणाले, "झ्याक झालं, आबा."

"म्हातारं उपेगाला आलं का न्हाई?"

"आलं की."

दुसऱ्या दिवशी पहाटे हे प्लेट उलटी करून घण घालत होते. आबांना सांगितलं, ठोकून बसवतोय. मधला खळगा कमी झाला तर कोपरा उठला. कोपरा दाबला तर दुसरा उठला. साहेब आले, त्यांनी पोलादी पट्टी उभी धरली आणि खालचा उजेड पाहिला. चहा घेतला. म्हणाले, "राव, तुझा हात चांगला आहे. पण ह्याच्यावर माझी फ्रेम बसणार नाही." ते निघताना ओट्यावरून आबा ओरडले, "सायेब, ती म्या साफ केलीया!" साहेब म्हणाले, "छान."

काम दुसऱ्याला गेलं. मशीन मित्राने परत नेलं. हे पुन्हा गेटवर उभे राहू लागले. प्लेट मागच्या दारी विटांवर गेली आणि मी तिच्यावर धुणं धुऊ लागले. आबा मात्र येईल त्याला सांगायचे, पोराची प्लेट मी एका दुपारात साफ केली. पुढच्या खंडेनवमीला कोयता-कुदळीसोबत तिलाही हळदकुंकू, झेंडूचं फूल. संध्याकाळी हे परत आले की आबा विचारायचे, "लागलं का काम? न्हाई? मग टेबल कधी करतोस?" हे म्हणायचे, "करू, आबा."

एका थंडीत मी धुणं पिळत होते आणि आबा उन्हाला येऊन शेजारी बसले. प्लेटीवर पाणी साचलं होतं. त्यांनी तळहाताने ते कडेला लोटलं. ते परत मध्ये आलं. पुन्हा लोटलं, पुन्हा मध्ये आलं. जन्मभर वाफ्यांना पाणी दिलेला माणूस. पाणी का थांबतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"सूनबाई, ही आदीपासनं अशीच व्हती का गं?"

माझी जीभ कधी गप्प बसत नाही म्हणतात. त्या दिवशी मेली टाळ्याला चिकटली. हो म्हणायला पाहिजे होतं, एवढंच. मी धुतलेलं लुगडंच पुन्हा पुन्हा पिळत राहिले. आबांनी धोतराच्या सोग्याने ते पाणी टिपलं, प्लेट कोरडी होईपर्यंत टिपत राहिले.

संध्याकाळी हे गेटवरून आले, नेहमीसारखेच रिकामे. फाटक वाजल्याबरोबर आबा ओट्यावरून उठले आणि आत गेले. काम लागलं का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि मरेपर्यंत पुन्हा कधीच विचारलं नाही.