जॉइंट खात्यातलं दुसरं नाव

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. डबा खाताना एक निघतो, त्यावर दुसरा, तेवढ्यात बेल होते. सुरतजवळ इच्छापोरच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या टेबलावर आम्ही पाचजण बसतो, सगळे मूळचे खानदेशातले. मी ऑफिसात पगाराचं काम बघतो. कंपनीनं पगार एका ऑनलाइन बँकेत टाकायचं ठरवलं, आणि कोणतं बचत खातं घ्यावं हे समजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. झालं, तेव्हापासून किश्श्यांना तोटा नाही.

*

पहिले सोनवणेमामा, आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. मी त्यांना अर्धा तास चार प्रकार सांगितले: साधं, जास्त व्याजाचं, ध्येयाचं आणि जॉइंट. मामांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शाखा कुठंय?"

"शाखा नाही मामा, सगळं फोनमध्ये."

"मंग भांडाले कोठे जावानं?"

जुन्या बँकेतल्या कॅशियरशी मामांचं दर महिन्याला वाजायचं. आता त्याची आठवण येते म्हणाले. साधं खातं घेतलं त्यांनी.

*

कल्पेश जन्मानं सुरतचा, तापला की गुजरातीत सुरू होतो. त्यानं दोन दिवस खपून चारही खात्यांचा तक्ता केला, व्याज, दंड, शिल्लक, सगळं. आणि शेवटी जास्त व्याजाचं खातं घेतलं ते कशासाठी? त्याचं कार्ड काळं असतं म्हणून. "वट पडे ने, भाई!" म्हणजे चारचौघांत रुबाब.

महिनाभरात शिल्लक कमी पडली आणि व्याजाहून जास्त दंड कापला गेला. कार्ड मात्र अजून पाकिटात सगळ्यात वर असतं.

*

टाइम ऑफिसात हजेरी बघणाऱ्या वैशालीताईंनी ध्येयाचं खातं निवडलं. त्यात ध्येयाला नाव द्यावं लागतं आणि तारीख टाकावी लागते. ताईंनी नाव लिहिलं, 'गावी परत'. मग तारीख शोधत बोट वर सरकवत बसल्या.

"काय हो, हे दहा वर्षांच्या पुढं जातच नाही."

सगळे हसले, ताईसुद्धा. मग त्यांनी नाव खोडून 'फ्रीज' लिहिलं.

*

राहिला भास्कर. डिंडोलीत तिघांत एक खोली, बायको रेखा पारोळ्याकडं गावी. दिवाळीला ओव्हरटाइम घेऊन हा गेला नाही, तेव्हापासून ती फोन उचलत नाही. सासू उचलते आणि "बरी आहे" म्हणते, बस.

भास्कर म्हणाला, "मला जॉइंट पाहिजे."

"अरे वेड्या, व्याज सगळ्यात कमी त्यात," कल्पेश ओरडला.

"असू दे. तिनं नाव लावलं तर समजेन, अजून सोडलं नाही मला."

मी फॉर्म भरला.

पण जॉइंटला दोघांनाही बँकेच्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं. ती चेहरा बघते, आधार कार्ड बघते, मगच खातं चालू. भास्करचं त्याच दिवशी झालं. रेखाला लिंक गेली. नऊ दिवस ॲपमध्ये 'दुसरा खातेदार बाकी' एवढंच दिसत होतं. भास्कर डबा उघडायचा, फोन बघायचा, डबा बंद करायचा. मामांनी त्याला पहिल्यांदाच आपल्यातली भाकरी मोडून दिली.

दहाव्या दिवशी जेवताना मेसेज आला: खातं चालू. आम्ही टेबल वाजवलं. भास्कर हसला नाही. त्यानं सरळ बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला, आणि घाईत स्पीकरवर.

"नमस्कार सर, काय मदत करू?"

"मॅडम, आज तुमच्यातल्या कोणीतरी माझ्या बायकोशी व्हिडिओवर बोललं ना?"

"हो सर, व्हेरिफिकेशन पूर्ण झालंय. काही अडचण आहे का?"

"अडचण नाही. मला विचारायचं होतं, कशी दिसत होती?"

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, तशी माहिती आम्हाला देता येत नाही."

"बरं, राहू द्या," भास्कर म्हणाला. "मग एवढंच सांगा, वाळलेली होती का?"