कबरीपाशी ऐकलेली हाक

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. कुवेतमध्ये, शुऐबा भागातल्या एका प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर आहे. गेजचा काटा दाखवेल तेवढंच खरं धरायचं, ही सवय. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचतो तेही टाइमपास म्हणून. त्यामुळे स्वतःचा लिहिताना अवघडल्यासारखं होतंय...

माझ्याच शिफ्टमध्ये सॅम्युअल आहे, गुंटूरचा. घराणं लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका पंथाचं. आंध्रात लुथरन ख्रिश्चन बरेच आहेत, हे मला त्याच्यामुळेच कळलं. त्याची मावशी मार्था तरुणपणी कुवेतला नर्स म्हणून आली आणि इथेच वारली. पुढे आखाती युद्ध झालं, ओळखीचे लोक पांगले. तिची कबर नेमकी कुठे, हे सांगणारं कुणी उरलं नाही. गेल्या वर्षी सॅम्युअलच्या आईने अंथरूण धरलं. तिचं एकच मागणं — बहिणीची कबर मला फोनवर तरी दाखव.

चर्चकडून परवानगी मिळाली. एका शुक्रवारी सकाळी मी त्याला सालमियाहून गाडीत घेतलं. शहरातली ती जुनी ख्रिश्चन दफनभूमी म्हणजे बाहेर टॉवर आणि ट्रॅफिक, आत सामसूम. मिशनरी, खलाशी, कुठकुठले लुथरन, आपल्याकडच्या नर्सेस — सगळे शेजारी शेजारी. खाऱ्या हवेने बरीच नावं खाऊन टाकलेली. आम्ही दोन टोकांनी शोधायला लागलो. ऊन चढलं, काही सापडेना.

"जाने दो भाई," सॅम्युअल लांबून ओरडला. "अम्मा को बोल दूँगा, नहीं मिला."

मी परत फिरलो, तेवढ्यात अगदी मागून बाईचा आवाज आला — "चिट्टी..."

मला वाटलं, कुणीतरी परवानगीची चिठ्ठी मागतंय. खिशात हात घालतच वळलो. कुणी नव्हतं. भिंतीलगत एक दगड आडवा पडलेला, अर्धा वाळूत.

"अरे, ये चिट्टी कौन माँग रहा है?" मी विचारलं.

सॅम्युअल जागीच थांबला. "क्या बोला तू?"

चिट्टी म्हणजे तेलुगूत छोटी. त्याच्या आईला या नावाने एकच माणूस हाक मारायचं — मार्थामावशी. माझ्यासमोर हे नाव त्याने कधीच काढलं नव्हतं.

आम्ही हातांनी वाळू बाजूला केली. तेलुगू अक्षरं दिसायला लागली. सॅम्युअलने त्यांवरून बोट फिरवत नाव वाचलं — मार्था.

व्हिडिओ कॉल लावून त्याने आईला दगड दाखवला. मग त्याने तिला हाकेचं सांगितलं. तिने हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"अम्मा पूछ रही है, आवाज़ में खाँसी थी क्या?" सॅम्युअल म्हणाला. शेवटच्या दिवसांत मावशीला खोकल्यामुळे एक वाक्य धड बोलता येत नव्हतं म्हणे.

"नहीं अम्मा," मी म्हणालो. "एकदम साफ़ थी."

म्हातारीने डोळे मिटले. चेहरा सैल झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

उन्हाचा भास असेल, भिंतीपलीकडचं कुणी असेल — मी स्वतःला सगळं सांगून पाहिलंय. पटत नाही. एवढंच सांगू शकतो, की त्या दिवशी मी आजारी बाईला धीर द्यायला खोटं बोललो नव्हतो. आवाज खरंच स्वच्छ होता. कुणाचा, ते मला आजही सांगता येत नाही.