दोन्ही बाजूंना लाल

माझा भाऊ गिटार सोडत नव्हता. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवर दाबलेली, मान मागे, दात घट्ट. मला वाटलं सोंग करतोय. तसा तो सोंगाड्याच होता.

"पुरे रे आता," मी म्हटलं.

रेडिओतून नुसतं घूं घूं येत होतं. मग त्याचे डोळे पाहिले आणि मी त्याचा दंड धरला. पुढचं एवढंच आठवतं की मी भिंतीशी पडले होते आणि माझा हात मला कळत नव्हता.

"हात लावू नको!" मोरीवरून माझे यजमान ओरडले. तोवर लावून झाला होता. ते धावत आले आणि त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं. घूं घूं थांबलं. भाऊ तसाच. आवाज गेला म्हणजे वीज गेली, मग हा सोडत का नाही? मला उमजेना. त्यांनाही उमजलं नसावं. जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आलेला माणूस तेच बटण चालू करत होता आणि बंद करत होता.

यजमानांचं जळगावात घरातच रेडिओ दुरुस्तीचं काम होतं. ट्रान्झिस्टर आले आणि लोकांनी काचेच्या नळ्यांचे जुने रेडिओ माळ्यावर टाकले. भाऊ धुळ्याला लग्नाकार्यात वाजवणाऱ्या पार्टीत होता. त्याच्या गिटारीचा आवाज ढोलकीखाली दबायचा. यजमानांनी एका जुन्या रेडिओला मागून गिटारीची वायर जोडून दिली आणि आवाज गल्लीभर गेला. मग पार्टीतल्या बाकीच्यांनाही तसे रेडिओ करून दिले. पण ते फार जड. भाऊ म्हणाला, "दाजी, एसटीत मांडीवर मावेल असा द्या."

पाचोऱ्याच्या एका मारवाडी दुकानदाराकडून लहान, हलका रेडिओ मिळाला. तो हलका होता, कारण त्यात ट्रान्सफॉर्मर नव्हता. अशा रेडिओच्या आतल्या पत्र्यात वीज उतरू शकते, आणि पत्र्यातून वायरीने गिटारीच्या तारांत. भिंतीत घालायची पिन दोन काड्यांची, कशीही बसते. एका बाजूने बसली तर काही होत नाही, उलटी बसली तर तारांत वीज, मग रेडिओचं बटण बंद असलं तरी. यजमानांनी टेस्टर लावून बरोबर बाजू शोधली आणि पिनेवर खूण म्हणून माझ्या बाटलीतल्या पातळ कुंकवाचा ठिपका दिला. लाल ठिपका वर ठेवायचा. हे त्यांनी भावाला सांगितलं. मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

दसऱ्याला भाऊ रेडिओ न्यायला आला. त्या सकाळी घरातल्या हत्यारांची पूजा मी केली. पकडी, पाने, टेस्टर, रेडिओ, गिटार. सासूबाई मागे बसून बघत होत्या.

"बठ्ठासले लाव, एक बी सोडू नको."

मी सगळ्यांना लावलं, एकही सोडलं नाही. वायरीच्या टोकाला पिन पडलेली होती, तिच्या वरच्या अंगाला कुंकवाचं बोट टेकवलं. खालच्या अंगाला काय आहे ते कोण बघतं?

जेवणं झाल्यावर भाऊ पाटावर बसला. जमीन सकाळी सारवलेली, अजून ओलसर. पाय अनवाणी.

"दाजी, हा गाणार की बाजारभाव सांगणार?"

"तुझ्यापेक्षा सुरात गाईल," मोरीवरून उत्तर आलं.

"लाल वरती ना?"

"हां, लाल वरती."

पिन त्याने स्वतःच घातली. लाल वरतीच होतं.

भिंतीतली पिन उपटावी, हे घरातल्या तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही. मोरीशी कपडे बडवायचं धोपाटणं होतं. लाकूड म्हणून ते उचललं असं मी सांगत नाही. हाताला लागलं म्हणून उचललं. भावाच्या डाव्या हातावर जोरात हाणलं. कांडी उडाली, गिटार आपटली आणि तो आडवा झाला. तोंड काळंनिळं. श्वास आहे का ते मला कळेना. सासूबाई म्हणत होत्या आहे, यजमान म्हणत होते नाही. गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी छाती दाबली, सुई दिली, आम्हाला बाहेर काढलं.

यजमान ओट्यावर पिन घेऊन बसले. या बाजूने बघायचे, त्या बाजूने बघायचे. दोन्हीकडे लाल.

"यातलं माझं कोणतं आणि तुझं कोणतं?"

"एकाच बाटलीतलं आहे. मी कसं सांगू?"

"मग लावलंस कशाला?"

"तुम्ही कशाला लावलं?"

पुढे त्यांनी मला कागदावर रेघा काढून समजावलं. मी चौथी शिकलेली, मान हलवली. पिन तीच, भोकं तीच, फक्त फिरवली की माणूस मरतो, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही नीट पटलेलं नाही. चूक कुंकवाची की हलक्या रेडिओची, तेही ठरवता आलेलं नाही. सासूबाईंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

दिवे लागायच्या सुमारास डॉक्टरांनी आत बोलावलं. भावाने माझ्याकडे बघितलं.

"अक्का, बोटं मोडलीस माझी."

"बोटंच मोडली."

दोन बोटं वाकडी राहिली आणि कांडी धरता येईना. पार्टीत तो पुढे खंजिरी वाजवायला लागला. सासूबाई गेल्या, यजमान गेले, दोघेही म्हातारपणाने. भाऊ जगला. आज तो धुळ्याला असतो.