रोडचं वावर कोणाचं

ये पोरी, जवळ सरक. हातातलं काम ठेव खाली. फोनवर तू नुसती "हो आई, हो आई" करते आणि मागे कुकर शिट्ट्या मारून राहतो. मला समजत नाही का, तुझा एक कान माझ्याकडे आणि दुसरा वरणाकडे असतो ते? म्हणूनच लिहून राहिली. कागदाला मधातच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही. आणि अक्षर वाकडं आहे म्हणून हसू नको. मी शाळेची पायरी चढली नाही. तुझ्याच पहिलीच्या पुस्तकात, तुझ्याच बाजूला बसून शिकली.

गोष्ट रोडच्या वावराची आहे. तुला वाटते, तुला माहीत आहे. नाही माहीत. तू तेव्हा पोटात होती.

तुझ्या आजोबांनी दोन पोरांत बटवारा केला. रोडच्या बाजूचं मुरमाड वावर लहान्याला, म्हणजे तुझ्या बाबांना. खाली नाल्याजवळचं काळंभोर वावर मोठ्याला, म्हणजे तुझ्या मोठ्या बाबांना. मधात एक धुरा, मातीचा बांध. पटवाऱ्याच्या कागदावर तसंच चढलं. पण मोठ्या बाबांच्या डोक्यात संत्रा बसला होता. सौसरकडे कोणाचा तरी बगीचा पाहून आले होते, तेव्हापासून झोपेतही संत्राच. आणि संत्र्याला काळी जमीन चालत नाही. पाणी साचते, मूळ सडते. त्याला मुरूम पाहिजे. तुझ्या बाबांना तर कापसाच्या पऱ्हाटीशिवाय काही सुचतच नव्हतं, आणि पऱ्हाटीला पाहिजे काळी. म्हणजे पहा, देवानं दिलं दोघांनाही, पण उलटं दिलं.

मग एका सकाळी दोघं भाऊ धुऱ्यावर बसले. एकानं आपल्या वावरातली मूठभर माती दुसऱ्याच्या हातावर ठेवली, दुसऱ्यानं त्याच्या. नारळ फोडला. मी आणि तुझी मोठी आई बाभळीखाली उभ्या होतो, आम्हाला खोबऱ्याचा तुकडा मिळाला. झाली अदलाबदल. त्या दिवसापासून रोडचं वावर त्यांचं, नाल्याचं आपलं.

घरी आल्यावर तुझे बाबा म्हणाले, "पटवाऱ्याकडे जाऊन कागदही बदलून घेतो."

मीच म्हटलं, "भावाभावात कागद? लोक म्हणतील, इस्वास नाही एकमेकावर."

आपल्या इकडे भावाला लिहून दे म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकर उचलणं. कागद तसाच राहिला. पुढं दरवर्षी तुझे बाबा कापूस विकून आले की एकदा म्हणायचे, "तो कागद राहिलाच." मी म्हणायची, "राहू द्या." मी म्हणायची, पोरी. दुसरं कोणी नाही.

तू आणि ती संत्र्याची झाडं एकाच वयाची. मोठ्या बाबांनी मुरमात विहीर खणली, पाणी लागेस्तोवर हाताची सालं निघाली. पहिले दोन उन्हाळे तुझी मोठी आई घागरीनं एकेका रोपाला पाणी घालून राहिली. कमरेवर घट्टा पडला होता तिच्या, अजून दाखवते.

आता तू म्हणशील, हे जुनं सगळं आजच कुठून निघालं? तर ऐक. पांढुर्णा जिल्हा झाला ना, तेव्हापासून जमिनीला वारं लागलं. रोडच्या दोन्ही बाजूला वावरात चुन्याच्या रेषा दिसून राहिल्या. जिथं तूर उभी असायची तिथं रंगीत झेंडे, सिमेंटचे खुंट, आणि एक मोठी कमान. आत एकही घर नाही, पण कमान आहे! मोहगावला माहेरी गेली तर तिथंही भाऊ तेच बोलतात, लोधीखेड्याची विहीण आली तर तीही तेच. कोणी पिकाचं विचारत नाही. "रोडपासून किती लांब?" एवढंच विचारतात.

होळीच्या आधी एक दलाल आला फटफटीवर. ओट्यावर बसला, चहा प्याला.

"मावशी, तुमचं तं नशीब फुललं. रोडचं वावर तुमच्या नावानं हाय."

"नाही रे बाप्पा. रोडचं वावर माह्या भासऱ्याचं. माहं खाली नाल्याजवळ."

"कागद काय म्हणते ते पहा ना. झाडाले थोडीच कोणाचं नाव रायते?"

त्यानं पुढं केलेला सरकारी कागद हिंदीत, पण अक्षरं तीच. बोट ठेवून ठेवून वाचलं. तुझे बाबा गेल्यावर खात्यात तीन नावं चढली होती. माझं, तुझं, तुझ्या भावाचं. नंबर रोडच्या वावराचा. माझं बोट तिथंच थांबलं.

तुझ्या भावाला नागपूरला फोन केला. तो म्हणाला, "आई, कागद आपला तं वावर आपलं. आपण काही चोरी नाही करून राहिलो."

खोटं नाही बोलणार, पोरी. माझंही मन चळलं. रोज सकाळी देवळाचं निमित्त करून मी त्या रोडनं जाऊ लागली. देऊळ इकडं, मी तिकडं. तारेजवळ उभी राहून झाडं पाहायची आणि मनात म्हणायची, हे माझं. इंदूरला तुझं भाड्याचं घर डोळ्यासमोर यायचं, त्याचा तो ओला कोपरा. मग समोरून मोठी आई डोक्यावर चारा घेऊन यायची, की मी पदर ओढून माघारी. घरी बसवत नव्हतं, बाहेर उभं राहवत नव्हतं. एक दिवस वरणात दोनदा मीठ, दुसऱ्या दिवशी एकदाही नाही.

होळीला मोठ्या आईनं संत्र्याची टोपली आणली, दरवर्षीसारखी. समोर बसून सोलून द्यायला लागली.

"काय व, खाऊन नाही राहिली? आंबट निघाले का?"

"दात दुखते."

"तुले दातच कुठी हायेत, बाई!"

ती हसली. मी पण हसली. फोड तशीच तोंडात राहिली.

तिला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. आणि मोठ्या बाबांशी तर बोलायचा प्रश्नच नाही. भासऱ्याशी आपल्यात बोलत नाहीत, तू तर पाहिलंच आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्यासमोर पदर, आणि जे काय सांगायचं ते जावेच्या तोंडून. ते दारात आले की आधी खाकरतात, आम्ही आत सरकतो. तुझे बाबा गेले तेव्हाही ते माझ्याशी नाही, भिंतीशी बोलले होते.

मग पोळ्याच्या आधी शेजारच्या वावराची मोजणी निघाली, त्यांना प्लॉट पाडायचे होते. पटवारी मशीन घेऊन आला, अर्धं गाव पाहायला. धुऱ्याशी आल्यावर त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं की हा बगीचा कोणाच्या खात्यात आहे. मोठे बाबा तिथंच उभे होते. लोक सांगतात, त्यांनी हातातला कोयता झाडाला टेकवून ठेवला आणि चालू लागले.

तीन दिवस मोठी आई आपल्याकडे आली नाही. चौथ्या दिवशी दारात खाकरणं ऐकू आलं.

मी पदर घेऊन दाराआड. ते ओट्यावर बसले. अंगणात आपलं वासरू बांधलं होतं. त्याच्याकडे पाहून म्हणाले, "वासरा, तुह्या मालकीणले सांग. झाडं म्या लावली, पण जमीन कागदानं तिची हाय. तिच्या मनात येईन ते करू दे. फक्त आंब्या बहाराचा संत्रा झाडावर हाय, तेवढा उतरू दे म्हणा. मंग आम्ही निघतो."

वासरू कान हलवून राहिलं. मला आत उभं राहवेना. काय म्हणून हाक मारू तेही समजेना. एवढ्या वर्षांत त्यांच्यासाठी तोंडात शब्दच नव्हता. तशीच दारात आली.

"वासराले काय सांगता? मी इथंच हाओ."

ते इतके दचकले की टोपी पडली.

मी म्हटलं, "कागद मीच नाही करू देला होता. हे दरसाल म्हणत होते, मीच अडवत होती. चूक माही हाय, कागदही मीच करून देतो."

टोपी झटकून त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. वासराकडे वळून म्हणाले, "वासरा, विचार तिले, तिचा पोरगा नाही म्हणन तं?"

"वासरा, सांग त्यायले, पोराले मी पाहून घेतो."

हस तू. मी पण नंतर एकटीच हसली, आणि मग रडली.

पण गोष्ट इथं संपत नाही, म्हणूनच लिहून राहिली. मी पटवाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "आजी, तुमच्या एकटीच्या सहीनं होत नाही. खात्यात तीन नावं, तिघंही पाहिजेत." तुझ्या भावाला पुन्हा फोन केला. दोन दिवस उचललाच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताईनं सही केली तं मी पण करतो. पण ती येणार थोडीच हाय. तिले कायची पडली?"

मी त्याच्याशी भांडली. तुझ्यासाठी भांडली. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, खरंच पडली आहे का तुला? हे विचारायलाही मला कागद लागला, पहा.

दलाल दर आठवड्याला तुझ्या भावाला फोन करते. मला झोप लागली की वाटते, सकाळी उठून पाहावं तर बगीच्यात चुन्याच्या रेषा. उठून बसते. सकाळ झाली की जाऊन पाहते. झाडं असतात.

काल मोठ्या बाबांना पाहिलं. बगीच्यातली पाच-सहा झाडं यंदा वाळली. त्या जागी त्यांनी उन्हाळ्यातच खड्डे खणले, शेणखत आणून ठेवलं, नवी रोपंही आणली. पण लावली नाहीत. रोपं विहिरीजवळ गोणपाटात उभी आहेत, आणि खड्ड्यात पाणी साचलं आहे. मोठी आई म्हणते, "हे रोज सकाळी रोपाले पाणी घालते आन् मले विचारते, पोरगी कधी येते?" मी काय सांगू? मी म्हणते, येते.

अजून पंधरा-वीस दिवस रोपं लावता येतात, पुढं ओल जाते. आधार कार्ड आण, नातवाला आण, कुकर तिथंच राहू दे. इंदूरहून गाडीत बसली की फोन कर, मी स्टेशनवर येते, दुखत्या गुडघ्याचं मी पाहून घेते. तिथून सरळ रोडच्या वावरात जाऊ. लवकर ये, पोरी.