दर दोन वर्षांनी येणारा फोन

बर्निस कोवाल्स्की अमेरिकेतल्या बफलो शहरात, आमच्या स्कूलबस गॅरेजात मेकॅनिक होती. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायची. घरी मात्र तिचा जीव सदा टांगलेला. सहा वर्षं ती लॉरेलबरोबर जोडीदार म्हणून राहत होती. लॉरेल चर्चच्या गाण्याच्या ताफ्यात गायची.

कॉलेजात असताना लॉरेल मानसशास्त्राच्या एका अभ्यासात सामील झाली होती. बायकांची ओढ कुणाकडे असते आणि वयाबरोबर ती बदलते का, हे त्यात शोधत होते. दर दोन वर्षांनी एस्थर नावाच्या संशोधक बाईंचा फोन यायचा. दार लावून लॉरेल तासभर बोलायची आणि बर्निस बाहेर जळत बसायची.

"मला जे सांगत नाही, ते त्या बयेला सांगते!" डबा खाताना ती मला म्हणाली.

"अगं, ती कागद भरते नुसते. सवत आहे का तुझी?"

"सवत परवडली. तिच्याशी भांडता तरी येतं."

१९९९च्या मार्चात, शनिवारी सकाळी, पुन्हा फोन आला. कपडे धुवायचं निमित्त करून बर्निस तळघरात गेली आणि तिथला, त्याच लाइनवरचा दुसरा रिसीव्हर हळूच उचलला.

"मागच्या खेपेला तुम्ही स्वतःला लेस्बियन म्हणाला होतात. आज काय म्हणाल?" एस्थरबाई विचारत होत्या.

"आज कुठलंच नाव घेववत नाही," लॉरेल म्हणाली. "आमच्यात ड्वेन म्हणून एकजण गातो. हिवाळाभर त्याच्यात जीव गुंतला होता. त्याला पत्ताही नाही. आता ओसरलंय."

"आणि बर्निस?"

"तिच्यावरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही. तेच तर मला उमगत नाही."

बर्निसच्या कानात ड्वेन तेवढा अडकला. ती तडक चर्चजवळच्या त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. टक्कल पडलेला, चष्मा नाकावर घसरलेला माणूस.

"काय देऊ, बाई?"

तोंडात आलेल्या शिव्या तिने गिळल्या. मूठभर स्क्रू घेऊन घरी परतली.

लॉरेल स्वयंपाकघरात बसली होती. "फोनवर तुझा श्वास ऐकू येत होता. भात्यासारखा चालतो तो."

"मग गप्प का नाही झालीस?"

"तुलाच सांगायचं होतं. समोरासमोर जमत नव्हतं."

"त्या बाईला बरं जमतं!"

"ती विचारते गं. तू नुसता संशय घेतेस."

तीन दिवस बर्निस सोफ्यावर झोपली. चौथ्या दिवशी कॉफी ओतता ओतता तिने खाली मान घालून विचारलं, "कसा जडला जीव? सांग. मध्ये बोलणार नाही."

अर्थात ती चारदा मध्ये बोलली. पण शेवटपर्यंत ऐकलं. दोघी अजून एकत्र आहेत. मत्सर गेला म्हणाल, तर नाही. "पण आता मी आधी विचारते," ती म्हणते, "आणि मग जळते."